शाळा बंद असली तरी पोरं सुटू द्यायची नाहीत : नव्या शिक्षणसेवकांसाठी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नुकतेच रुजू झालेले शिक्षणसेवक भेटले की हमखास विचारतात, "सर, कोरोनात ऑनलाइन कसं शिकवलंत?" बीड जिल्ह्यातल्या आमच्या पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेपुरतं सांगायचं तर ऑनलाइन शिकवणं फार थोडं झालं. आमचा सगळा जीव लागला होता तो पोरं आपल्या हातून सुटू नयेत यासाठी. तुमच्या नोकरीत तशी महामारी येवो न येवो, हे काम तुम्हाला लागणारच आहे, म्हणून लिहितोय.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पटावरची बरीच मुलं गावात नव्हतीच. आईबाप ऊसतोडीला गेलेले, मुलंही फडावर. टाळेबंदीत टोळ्या कारखान्यांवरच अडकून पडल्या. एप्रिलच्या मध्यानंतर परवानगी मिळाली तशी माणसं परतू लागली, आणि गावात घेण्याआधी त्यांची सोय केली ती शाळेच्याच खोल्यांत. शाळा बंद, पण आमच्या वर्गात पोरं आईबापांसह राहत होती! आम्ही फाटकाबाहेर उभे राहायचो. दुसरीतली एक मुलगी भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरं धाकट्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि आई चुलीपाशी बसून ऐकत होती. त्या आईनं पोरीला वाचताना तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. पुढे याच बाईंनी आपणहून फोन करून विचारलं, "गुरुजी, हिला पुढचं काय द्यायचं?" पालकसभेला जे कधी जमलं नाही ते तिथं जमलं.

आता कामाचं. सगळ्यात आधी एक वही करा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरात फोन कोणाचा, साधा की टचचा, तो माणूस घरी किती वाजता येतो, रिचार्ज संपलं तर शेजारी कोणाकडे निरोप द्यायचा, हे सगळं लिहा. हजेरीपटावरचे नंबर निम्मे तरी बदललेले असतात. व्हॉट्सॲपचा ग्रुप जरूर करा, पण ग्रुपमध्ये कोण नाही याची यादी जवळ ठेवा, कारण तुमचं खरं काम त्या यादीतल्या घरांत असतं.

फोन दिवेलागणीनंतर करा, रानातून माणसं आलेली असतात. आधी घरची विचारपूस करा, मग "पोरगं कुठंय, द्या जरा" म्हणा. पोरगं फोनवर लाजतं, "हं" शिवाय बोलत नाही. त्याला अभ्यास झाला का असं विचारलं की तेही बंद होतं. मी शेळ्यांपासून सुरुवात करायचो. किती आहेत? गाभण किती? मग सगळ्यांचे मिळून पाय किती? पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही आणि मग एकदम आकडा यायचा, कधी कधी आजोबांनी सांगितलेला. चारचा पाढा आमच्याकडे असा झाला.

शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य तेव्हा पालकांना कोरडं वाटलं जायचं. त्या दिवसाचं आम्ही सोनं केलं, कारण धान्य न्यायला बहुतेक घरांतून कोणी ना कोणी यायचंच. पिशवीसोबत हातानं लिहिलेला एक स्वाध्याय द्यायचा आणि पुढच्या वाटपाला तो परत घ्यायचा. तपासताना नुसती बरोबरची खूण करून थांबू नका. मुलाचं नाव घालून एक ओळ लिहा. त्या ओळीसाठी पोरं आईच्या मागं लागून वाटपाला येत, मास्क लावून लांब उभी राहत.

वरून येणाऱ्या साहित्याला तोटा नव्हता. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम होती, अभ्यासाचं दीक्षा ॲप होतं, २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका होती. टिलीमिली मला मनापासून आवडली, कारण घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती त्यात असत. पण टीव्ही चार घरांत एक, त्यात विजेचा लपंडाव. मग ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांना विनंती करून जवळची पोरं तिथं बसवली आणि बारावी झालेल्या एका ताईला शिक्षकमित्र केलं. ती संध्याकाळी लिंबाखाली पाच-सहा जणांना घेऊन बसायची. लिंक पुढे पाठवली म्हणजे मुलाशी संपर्क झाला असं मात्र मी कधीच मानलं नाही, तुम्हीही मानू नका. अहवालात ती भरली जाते, पोरापर्यंत पोहोचतेच असं नाही.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली आमची मुलं वर्गात बसली ती दुसरीत, १ डिसेंबर २०२१ ला. जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झालं ते वेगळंच. त्या डिसेंबरात कोणाला पेन्सिल धरता येत नव्हती, कोणी जोडाक्षरं वाचत होतं. पण फोनवर ज्यांचा आवाज ओळखीचा झाला होता ती मुलं पहिल्याच दिवशी जवळ आली. ज्या दोन-तीन घरांपर्यंत आम्हाला पोहोचता आलं नव्हतं, तिथली पोरं दारातच उभी राहिली. त्यांना बोलतं करायला सगळा महिना गेला.

ऊसतोडीच्या पट्ट्यात नेमणूक असेल तर हे सगळं दरवर्षी करायचं आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की त्या पोरांची शाळा पाडव्यापर्यंत बंदच असते. शक्यतो आजी-आजोबांना गाठून मूल गावात ठेवा, हंगामी वसतिगृह मंजूर असेल तर तिथं नाव घाला. तरीही जाणारी जातातच. त्यांचं शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. मुकादमाचा नंबर वहीत लिहून घ्या. टोळी पोहोचली की आठवड्याच्या आत फोन करा आणि जवळची शाळा कोणती ते विचारून तिथल्या गुरुजींशी थेट बोला. गाड्या रात्रीच्या निघतात, त्यामुळे कार्डं आधीच तयार ठेवा.