पोराला पदक मिळालं म्हणून लगेच विकिपीडियावर पान? या चुका टाळा

जुलैत ऑलिंपियाडसारख्या स्पर्धांचे निकाल लागले की मराठी विकिपीडियावर शाळकरी मुलांची पानं उगवतात, पावसात अळमी (भुईछत्र्या) उगवावीत तशी. अळम्यांसारखीच ती चार दिवसांत दिसेनाशीही होतात. मग मला फोन येतो, "मास्तर, आमच्या पुतण्याचं पान कोणी काढलं?" काढतात प्रचालक, म्हणजे पानं काढायचा अधिकार असलेले संपादक, पण गोव्यात फोंड्यात राहून संपादन करणारा हाताशी मीच असल्यामुळे बोलणी मी खातो. चतुर्थीला तर हमखास. मुंबईहून आलेला कोणी काका गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली लॅपटॉप घेऊन बसतो आणि आरती होईपर्यंत पान तयार.

त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पानाला सत्कार समजणं

"त्याची लायकी नाही का?" असं विचारतात. आहे ना. आमच्या पिढीत कोणाला जमलं नसतं ते त्या पोराने केलंय. पण ज्ञानकोशात लायकी मोजत नाहीत. तिथे एवढंच बघतात, की ज्याचा त्या मुलाशी काही संबंध नाही अशा कोणी त्याच्याबद्दल आधीच सविस्तर लिहिलंय का. सत्काराची बातमी यात बसत नाही. त्या बातमीत आठ ओळी असतात आणि आमदारांचं नाव मुलाच्या आधी येतं.

हे मला कोणी शिकवलं नाही, मीच चूक करून शिकलो. आठेक वर्षं झाली. आमच्या तालुक्यातल्या एका मुलीचा विज्ञानाच्या एका स्पर्धेत देशात पहिला क्रमांक आला. देवळाच्या सभामंडपात शाल, श्रीफळ, भाषणं. एक भाषण माझंही. त्याच तंद्रीत घरी आलो आणि रात्री दोनपर्यंत बसून पान उभं केलं. जन्मतारीख, शाळा, आईवडिलांची नावं, अगदी वाडासुद्धा घातला. "भावी शास्त्रज्ञ" हे शब्द माझेच. खाली तीन दैनिकांचे तीन संदर्भ दिले. नंतर नीट वाचले तेव्हा कळलं की तिन्हीकडे शाळेने पाठवलेलं एकच पत्रक छापलं होतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

ते पान कोणी काढलं नाही, आणि तेच वाईट झालं. बारावीनंतर मुलीने वाणिज्य घेतलं. तिला ते आवडतही होतं. पण कॉलेजात कोणीतरी तिचं नाव शोधलं आणि "काय गो, भावी शास्त्रज्ञ" ही तिची हाक होऊन बसली. पुढे एका निनावी माणसाने पानात वाक्य टाकलं : "नंतर तिने विज्ञान सोडले." खोटं नव्हतं, म्हणून काढायचं कोणाला सुचलं नाही. दीड वर्ष ते तसंच राहिलं. पानावर लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही.

चतुर्थीत ती वडिलांबरोबर घरी आली. वडिलांनी नेवऱ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि ते गप्प बसले. ती म्हणाली, "सर, ते पान काढता येईल?" विनंती टाकली, पान गेलं. पण तोवर भलत्याच तीन-चार संकेतस्थळांनी मजकूर जसाच्या तसा उचलला होता. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, कोणीही घेऊ शकतो, हे मीच प्रत्येक कार्यशाळेत छाती फुगवून सांगत असे. तिची जन्मतारीख आजही कुठेतरी पडलेली आहे.

तेव्हापासून अठरा पूर्ण न झालेल्या कोणावर मी स्वतंत्र पान करत नाही. विकिपीडियाच्या नियमांत असं नाही, हा माझा नियम. मोठ्यांच्या बाबतीतही मी दुसरं वर्ष बघतो. पदकाच्या वर्षी सगळेच लिहितात. पुढच्या वर्षी, पदक सोडून दुसऱ्या कशासाठी, कोणी लिहिलं का? पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. तिथे बसून वर्तमानपत्रं चाळायची. अर्धा दिवस जातो. ज्याला अर्धा दिवस नाही, त्याने चरित्रं लिहू नयेत.

किती पदकं वाटली जातात ते न बघणं

शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये एका देशाचे जास्तीत जास्त सहा स्पर्धक जातात. सहा प्रश्न, दर प्रश्नाला ७ गुण, एकूण ४२. पदकं साधारण निम्म्या स्पर्धकांना मिळतात, आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचं प्रमाण १:२:३ च्या आसपास ठेवतात. २०२४ मध्ये इंग्लंडातल्या बाथला ६०९ स्पर्धक होते. म्हणजे एका वर्षात तीनशेच्या घरात पदकं. भारत १९८९ पासून जातो. २०२४ मध्ये भारताला ४ सुवर्ण, १ रौप्य मिळालं आणि चौथा क्रमांक आला. अभिमान वाटतोच. पण त्या सहा मुलांची जागा स्पर्धेच्या पानावरच्या तक्त्यात आहे : वर्ष, नाव, पदक. कोणी नाव शोधलं तर पुनर्निर्देशनाने, म्हणजे आपोआप, त्या पानावर पोचतो. यात अपमान कसला?

लोक लगेच गणितज्ञ टेरेन्स ताओचं नाव काढतात. त्याला १९८८ मध्ये, तेराव्या वर्षी सुवर्ण मिळालं, हे खरं. पण १९८४ मध्येच, ऑलिंपियाडला जायच्या आधी, गणितशिक्षणाच्या एका संशोधनपत्रिकेत त्याच्यावर अख्खा लेख आला होता. तुमच्या पुतण्यावर असं काही आलं असेल तर मला दाखवा, पान मी स्वतः लिहितो. इराणची गणितज्ञ मरियम मिर्झाखानी, तिला १९९४ आणि १९९५ अशी दोन सुवर्णं, दुसऱ्यांदा पैकीच्या पैकी गुण. तरी तिच्यावरचा लेख उघडा. ऑलिंपियाडला एखाद-दोन ओळी, बाकी सगळं तिचं गणित आणि २०१४ चं फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान. आपल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर घ्या. त्यांचं पान कोणी शाळेतले गुण बघायला उघडत नाही, हळदीच्या पेटंटची लढाई वाचायला उघडतात.

नावात ऑलिंपियाड आहे म्हणून भुलणं

आंतरराष्ट्रीय विज्ञान आणि गणित ऑलिंपियाडसाठीची भारतातली निवड मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होते. शाळेत फी भरून होणाऱ्या आणि वर्गावर्गांत सोनेरी पदकं वाटणाऱ्या परीक्षांचा त्याच्याशी संबंध नसतो. आधी स्पर्धा कोण घेतं ते बघा. मग तोंड उघडा.

बाकीच्या, पटापट

प्रमाणपत्राचा फोटो हा संदर्भ नव्हे.

शाळेचं फेसबुक पानही नव्हे.

मामाने भाच्यावर लिहू नये. काकानेही.

थेट पान करू नका. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिहा, आठवडाभर तसंच ठेवा, मग परत वाचा. निम्मे लोक आठवड्यानंतर परत येतच नाहीत, ते बरंच आहे.

आणि डोना स्ट्रिकलंडचं उदाहरण माझ्या अंगावर फेकू नका. २०१८ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं, काही महिन्यांपूर्वीच मसुदा नाकारला गेला होता. चूक झालीच. पण त्यांचं काम तीसेक वर्षं जगासमोर होतं, मसुद्यात पुरेसे संदर्भ नव्हते एवढंच. त्यावरून नववीतल्या मुलाचं पान राखता येत नाही.

काढलेलं पान नाव बदलून परत टाकणं

पान गेलं तर चर्चा पानावर जा, नवे संदर्भ ठेवा, थांबा. आमच्या ओळखीच्या एका काकांना थांबणं जमत नाही. पहिल्यांदा पान गेलं तेव्हा त्यांनी मधे वडिलांचं नाव घालून केलं. ते गेलं तेव्हा वडिलांचं नाव काढून आडनावाचं स्पेलिंग बदललं. तिसऱ्यांदा शीर्षकात "कु." लावलं आणि रात्री अकराला मला फोन केला, "मास्तर, आता तरी राहील ना?" सकाळी उठून बघितलं, तेही गेलं होतं.