जुन्या .३०३ ची नळी मोजताना

सेनेतून निवृत्त झालेली ली-एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची .३०३ इंची रायफल, परदेशात विकत घेताना (भारतात .३०३ हे निषिद्ध बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही) आधी नळीतल्या खाचा मोजा. बंदूक रिकामी करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि मागून प्रकाश टाकून तोंडाकडून आत पाहा. नेहमीच्या नळीत डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा दिसतात. दोनच दिसल्या तर नळी झिजली म्हणून भाव पाडायला जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धात काम लवकर उरकावे म्हणून ली-एनफील्डच्याच नंबर ४ या मॉडेलच्या पुष्कळ नळ्या मुद्दाम दोन खाचांच्या केल्या होत्या. अमेरिकेच्या १९०३ए३ रायफलमध्येही तशा सापडतात, आणि त्या नेम चांगला धरतात.

खरी गोची नळीचा आतला व्यास मोजताना होते. तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाची गोळी पितळी गजाने ढकलून ठसा घ्यायचा, इथवर सोपे. पण पाच ही विषम संख्या, त्यामुळे नळीत प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर कमीच आकडा दाखवतो. पाच खाचांसाठीचा व्ही-आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर मिळवा. .३११ इंचाची गोळी सर्रास विकली जाते, पण युद्धकाळातल्या नळ्या त्याहून सैल निघतात. ओतीव शिशाची गोळी वापरणाऱ्याने तर ठशाशिवाय साचा घेऊच नये.

पीळ, म्हणजे खाचांचे वळण, तपासायला घट्ट चिंधी लावलेला, मुठीत मोकळा फिरणारा गज वापरा. दहा इंचांत एक फेरा व्हायला हवा.