सह्याद्री आणि कोकणात फोटो काढायला जाताय? आधी दिशा आणि तिथी बघा

कॅमेरा कुठला घेऊ असं बरेच जण विचारतात, पण डोंगर-किल्ल्यांचे फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळी पोचल्यामुळे. म्हणून आधी नकाशा उघडा आणि ऊन कुठून येणार ते बघा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभाय, त्यामुळे सकाळी तो अख्खा सावलीत असतो आणि खरी मजा संध्याकाळी, कातळावर तांबूस ऊन चढतं तेव्हा. राजगडावर तर मुक्कामच करा, संध्याकाळी संजीवनी माची आणि पहाटे अंधारात उठून पूर्वेकडची सुवेळा माची. तटबंदीवर ऊन समोरून पडलं की दगड सपाट दिसतात, बाजूने तिरपं आलं की एकेक चिरा उठून दिसतो.

पवना जलाशय आणि मागे तुंग किल्ला असा फोटो हवा असेल तर तिकोना किल्ल्यावर सकाळी चढा, सूर्य पाठीशी राहतो. सीपीएल (म्हणजे पोलरायझिंग) फिल्टर असेल तर फिरवून बघा, पाण्यावरची आणि ओल्या गवतावरची चमक कमी होते. पण पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर तोच फिल्टर ते पुसून टाकतो, तेव्हा सरळ काढून ठेवा. सेटिंग सोपं आहे, ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११. मोबाईल असेल तर प्रो मोड लावा आणि आकाश पांढरं फटक पडणार नाही इतपत एक्स्पोजर कमी करा.

महिना विचाराल तर माझ्या मते सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, सोनकी फुललेली असते, हवा धुतलेली असते, नंतर धुरकट व्हायला लागतं.

आता किनारा. इथे भरती-ओहोटी बघितल्याशिवाय निघूच नका. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराला पाणी पूर्ण वर, वाळू फारशी उरतच नाही. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास भरती आणि साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरतं, मला तरी याहून सुंदर काही दिसलेलं नाही. हिशोब अंदाजाचा आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. हर्णैहून सुवर्णदुर्ग घेताना अजून एक, डिसेंबरात सूर्य बराच डावीकडे मावळतो आणि मे महिन्यात उजवीकडे, त्यामुळे किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर महिना आणि उभं राहायची जागा दोन्ही आधी ठरवा.

लाट मागे जाताना अर्धा ते एक सेकंद शटर ठेवा, पाण्याच्या रेघा छान येतात. उजेड जास्त असेल तर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड ६४ पटीने कमी करणारी गडद काच) लावा, १/६० सेकंदाचं शटर साधारण १ सेकंदावर येतं. ट्रायपॉडचे पाय आधीच वाळूत दाबून घट्ट करा, माझी एक अख्खी संध्याकाळ हललेल्या फोटोंत गेली कारण प्रत्येक लाटेबरोबर पाय खचत होते आणि स्क्रीनवर ते कळतच नव्हतं, तेव्हा प्रत्येक फोटो झूम करून तपासा. शेवाळलेल्या कातळावर भरती चढत असताना थांबू नका. आणि घरी आलात की त्याच रात्री ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, मीठ सांध्यात बसलं की ते गंजून अडकतात.