निश निवडायची तर आधी गिऱ्हाईक शोधा

इंटरनेट मार्केटिंग सुरू करायचं म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जी मुलं-मुली सल्ला विचारायला येतात, त्यांच्या वहीत निश म्हणून, म्हणजे ज्यावर लिहून कमवायचं तो नेमका छोटा विषय म्हणून, बहुतेक तेच शब्द असतात: फिटनेस, शेअर बाजार, मोबाइल, रेसिपी. मी त्यांना पान उलटायला लावते आणि नव्या पानावर विषयांऐवजी माणसं लिहायला सांगते. ‘संगीत’ असं लिहू नका. ‘सातवीतल्या मुलाला तबल्याच्या क्लासला घातलंय, आणि आता गुरुजी म्हणतात घरी तबला घ्या, अशी आई’ असं लिहा. ही आई पैसे खर्च करणार हे नक्की आहे. किती करायचे, कशावर करायचे, फसणार तर नाही ना, एवढंच तिला कळत नाही. जो तिला हे नीट समजावून देईल त्याच्या लिंकवरून ती खरेदी करेल, आणि त्या विक्रीवर त्याला कमिशन मिळेल.

तबल्याचं उदाहरण मी मुद्दाम घेते. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. आज तीच विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. शिकणारे, शिकवणारे, वाद्यं दुरुस्त करणारे सगळे गावातच भेटतात. निश निवडताना असा आधार फार मोलाचा असतो, कारण लिहिताना अडलं तर विचारायला माणूस हवा.

वहीत अशी आठ-दहा माणसं झाली की आधी बाजारात जा. लॅपटॉप नंतर उघडा. मंगळ बाजार, रावपुरा, मांडवी, जिथे तुमच्या माणसाची खरेदी होते तिथे थोडा वेळ उभे राहा आणि दुकानदाराला गुजरातीत सरळ विचारा: लोक घेण्याआधी काय विचारतात? परत काय आणून देतात? एकदा घेतल्यावर पुन्हा कशासाठी येतात? तबल्याच्या बाबतीत उत्तरं भराभर मिळतात. कोणत्या पट्टीचा (सुराचा) घ्यायचा, तोंड केवढं असावं, डग्गा तांब्याचा की पितळेचा, लाकूड खरंच शिसवी आहे का, पुडी (तोंडावरचं कातडं) फाटली तर कुठे बदलायची. शिवाय गादी, हातोडी आणि कव्हर लागतंच. एका खरेदीच्या मागे चार खरेद्या उभ्या असतील, तर ती निश पुढे तपासण्यासारखी आहे. ज्या प्रश्नावर आज कोणीच पैसा खर्च करत नाही, तिथे तुम्ही कितीही चांगलं लिहिलंत तरी कमाई व्हायची नाही.

मग गूगल. इन्कॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे तुमचा जुना शोध मध्ये येत नाही. तुमचा प्रश्न अर्धा टाइप करा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते उतरवून घ्या. आपण बडोदेकर मराठी माणसं घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलतो, म्हणून हे चारही भाषांत करा आणि रोमन अक्षरांतही करा. पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात. इंग्रजीत ज्या प्रश्नाला शंभर उत्तरं आहेत, त्याला मराठीत किंवा गुजरातीत अनेकदा एकही धड उत्तर सापडत नाही. मला स्वतःला नवशिक्यासाठी हीच सगळ्यात मोठी संधी वाटते.

एखाद्या शब्दाचा शोध कधी वाढतो-घटतो ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स फुकट आहे, पण त्यातला आकडा नीट समजून घ्या. ० ते १०० हा आलेख किती लोकांनी शोधलं ते सांगत नाही. निवडलेल्या काळातला सर्वांत मोठा जोर १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतो. नेहमी पाच वर्षांचा काळ लावा. ‘चणिया चोळी’ टाकून बघा: दरवर्षी नवरात्रीच्या आधी आलेख उंच चढतो आणि दसऱ्यानंतर खाली येतो. गरब्याची निश वाईट नाही, पण ती घेणाऱ्याने लेख आणि व्हिडिओ उन्हाळ्यातच तयार ठेवायला हवेत आणि उरलेल्या महिन्यांसाठी दुसरं काही जोडायला हवं. पहिलीच निश असेल तर वर्षभर थोडी थोडी मागणी असलेली घ्या, असं माझं मत आहे. एका हंगामावर सगळा भार टाकला आणि तो हंगाम चुकला, तर नवा माणूस कामच सोडून देतो.

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते सांगणारा कीवर्ड प्लॅनर गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात मिळतो. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर तो नेमका आकडा न देता १०० ते १,००० असा पट्टा दाखवतो, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. त्यातला ‘कॉम्पिटिशन’चा रकाना बघून बरीच मुलं घाबरतात. तो रकाना जाहिरातदारांची चुरस सांगतो, तुमचा लेख वर यायला किती अवघड आहे ते नव्हे. तिथे ‘हाय’ दिसलं आणि बोलीची रक्कमही (एका क्लिकसाठी जाहिरातदार देतात ती) बरी असली, तर त्या शब्दासाठी लोक खिशातून पैसे घालताहेत. फायद्याच्या दृष्टीने ती चांगली खूण आहे. खरी चुरस बघायची ती शोधाच्या पहिल्या पानावर. तिथे मोठ्या कंपन्याच बसलेल्या असतील तर वहीतला आपला माणूस अजून नेमका ठरवा. जुनी, अर्धवट उत्तरं किंवा खराब आवाजाचे व्हिडिओ दिसले तर तुम्हाला जागा आहे.

आता हिशोब, कागदावरच. समजा महिन्याला १,००० माणसं आली, १०० जणांनी लिंक दाबली आणि तिघांनी घेतलं. ३०० रुपयांच्या मोबाइल कव्हरवर ५ टक्के कमिशन धरलं, तर हातात ४५ रुपये येतात. ८,००० रुपयांच्या तबला-डग्ग्याच्या जोडीवर तेवढंच कमिशन धरलं आणि तिघांऐवजी एकानेच घेतला, तरी ४०० रुपये होतात. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. खरे दर वस्तूच्या वर्गाप्रमाणे वेगळे असतात आणि कंपन्या ते बदलतात, म्हणून त्या त्या कार्यक्रमाचा दरतक्ता स्वतः उघडून हिशोब पुन्हा करा.

महागड्या वस्तूची एक अडचण मात्र आधीच जाणून घ्या. अ‍ॅमेझॉनवर तुमची लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांच्या आत माल कार्टमध्ये गेला तरच कमिशन तुमचं. तबला घ्यायला घरात दोन-दोन आठवडे विचार चालतो. म्हणून ‘तबला म्हणजे काय’ असे लेख लिहून उपयोग नाही. अशा साध्या प्रश्नांना गूगल २०२४पासून भारतातही एआयचं उत्तर सर्वांत वर देतं आणि लोक खाली येतच नाहीत. ‘या दोन जोड्यांतली कोणती घ्यावी’ यावर लिहा. आवाज रेकॉर्ड करून ऐकवा, पुडीचे जवळून फोटो द्या. बाकीच्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलची यादी ठेवा, म्हणजे निर्णय झाला की ती माणसं परत तुमच्याकडेच येतील.

प्रत्येक निश कमिशनवरच चालते असं नाही. संखेड्याचं लाखकाम केलेलं सागवानी फर्निचर घ्या. जड माल, वाटेत खरचटण्याची भीती, परतीचा खर्च. इथे ऑनलाइन विकण्यापेक्षा गिऱ्हाईक कारागिरापर्यंत पोहोचवून ठरलेली रक्कम घेणं शहाणपणाचं. रक्कम आधी लेखी ठरवा.

आरोग्य आणि पैसा हे विषय नवशिक्याने बाजूला ठेवावेत, असं मी कळकळीने सांगते. चुकीच्या सल्ल्याने माणसाचं खरंच नुकसान होतं, म्हणून गूगलही अशा मजकुराला कडक कसोटी लावतं. शेअरच्या टिप्स द्यायच्या तर सेबीकडे नोंदणी लागते. आणि कोणतीही निश घेतलीत तरी कमिशनची लिंक आहे हे लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम २०२१ पासून हेच सांगतात, आणि ज्या आईने तुमच्यावर विश्वास टाकला तिचाही तो हक्क आहे.

एवढं करून दोन-तीन निश उरतील. प्रत्येकीसाठी गिऱ्हाइकाचे तीस प्रश्न लिहायला बसा. बारा-पंधरावरच हात थांबला तर ती सोडा. तीस सहज झाले, आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरं तुम्ही स्वतः बघून, हाताळून किंवा जाणत्याला विचारून देऊ शकत असाल, तर तीच घ्या आणि डोमेनचे (वेबसाइटच्या पत्त्याचे) पैसे भरा. पहिले दहा लेख टाकले की लेख कोणत्या शोधात दिसतात आणि किती जण दाबतात ते सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल जोडा आणि काही आठवडे धीर धरा. लेख दिसताहेत पण कोणी दाबत नाही, असं असेल तर मथळे बदला. दिसतच नसतील तर शेजारचा प्रश्न घ्या. आणि तुम्ही लिहिलाच नव्हता अशा एखाद्या प्रश्नावरून लोक येताना दिसले, तर पुढचे लेख त्याच प्रश्नावर लिहा.