नागपूरला पीजीला येताय? स्कॉलरशिपचे कागद गावातूनच घेऊन या

गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून दरवर्षी उन्हाळा सरला की पोरं-पोरी नागपूरला एमए, एमएस्सी, एमकॉम, एमटेकला येतात. मीही असाच आरमोरीकडून आलो आणि इथलाच झालो. आता गावाकडचं कोणी इकडे निघालं की त्याच्या घरून फोन येतो, “एखादी रूम पाहून ठेव.” माझं उत्तर ठरलेलं असतं. रूम मिळेल, तुझ्याजवळ कागद कोणकोणते आहेत ते आधी सांग.

स्कॉलरशिपचा फॉर्म आपण नागपुरात बसून भरतो, पण तो पास होणार की अडकणार हे आपल्या तालुक्याच्या ठिकाणीच ठरून गेलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला तुमच्याच तालुक्याचा तहसीलदार देणार. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर तुमच्याच उपविभागातून निघणार. ‘आपले सरकार’वर अर्ज कुठूनही टाकता येतो हे खरं, पण तलाठ्याचा अहवाल गावातूनच यावा लागतो, आणि तलाठ्याला गाठायला घरचंच माणूस लागतं. म्हणून गणेशपेठच्या स्टँडवर उतरायच्या आधी हे सगळं हाती असू द्या. नाहीतर कॉलेज सुरू झाल्यावर एका दाखल्यासाठी चार-चार दिवस गावी काढावे लागतात आणि तेवढ्यात पोर्टलची तारीख जवळ येते.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर काढलेला असावा. तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालेल हे त्याच्यावरच छापलेलं असतं, ती ओळ वाचा. मागच्या वर्षी बीएच्या फॉर्मला लावलेला दाखला पुन्हा चालेल असं समजून येणारे दरवर्षी भेटतात. शक्य असेल तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागा. पीजी दोन वर्षांचं असतं, पुढच्या वर्षीची तेवढी पायपीट वाचते.

व्हॅलिडिटीबद्दल, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच रडकुंडीला येतात. साध्या एमए-एमकॉमला बहुतेक वेळा जातीच्या दाखल्यावर भागतं. एमबीए, एमटेक, एमफार्म, लॉ अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला मात्र जात वैधता प्रमाणपत्र लागतंच, आणि ते महिनोन्‌महिने निघत नाही. जात पडताळणी समिती तुमच्या मूळ जिल्ह्यासाठीची असते, पुरावा तुमच्या आज्या-पणज्याचा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना (व्हीजेएनटी) २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी-एसबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. हा पुरावा कुठे असतो? एक तर गावच्या जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकात. तिथली नोंद आपल्या टीसीसारखी नसते. कडा झिजलेलं पान, फिकी शाई, आडनावाचा पत्ता नाही, नुसतं ‘सोमा वल्द डोमा’ (म्हणजे डोमाचा मुलगा सोमा) आणि पुढच्या रकान्यात जात. हा सोमा म्हणजे आपलाच पणजा हे वंशावळीच्या शपथपत्राने जोडून दाखवावं लागतं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसून ही वंशावळ आजच लिहून काढा. काकाला किंवा चुलतभावाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर तिची प्रत मागून घ्या. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी समितीपुढे मोठा आधार ठरते. मागायला संकोच करू नका.

ज्यांची डिग्री गोंडवाना विद्यापीठाची आहे त्यांच्यासाठी आणखी एक. २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठातून वेगळी झाली, त्यामुळे तिकडून इकडे येणारा आता दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी ठरतो. जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढूनच निघा. ॲडमिशन पक्की झाल्याशिवाय स्कॉलरशिपचा फॉर्म पुढे सरकत नाही.

आता खुद्द फॉर्म. राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. सीताबर्डीवरच्या नेट कॅफेत भरा की कॉलेजजवळच्या, पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाका. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकून देतो, मग वर्षभर प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दुकानासमोर उभं राहावं लागतं. गावाकडचं सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका, आधारला तोच नंबर जोडलेला असतो. आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुक, तिन्हींवर नाव अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का ते घरूनच पाहून या.

पैसे थेट खात्यात येतात, पण कोणत्या? फॉर्ममध्ये आपण लिहिलेल्याच खात्यात येतील असं नाही. डीबीटीसाठी आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे त्याच खात्यात ते पडतात. माझ्या भाचीचा पहिला हप्ता असाच गायब झाला होता. शोधता शोधता कळलं की नवं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन तिच्या नावाने एक पेमेंट बँकेचं खाते उघडलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. पैसे तिथेच पडून होते. यूआयडीएआयच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला दोन मिनिटं लागतात. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी बघाच.

सबमिट केलं म्हणजे काम झालं असं अजिबात नाही. फॉर्म आधी कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या बाबूंकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून समाजकल्याण किंवा त्या-त्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात. कुठेही त्रुटी निघाली की तो तुमच्याकडे परत येतो, आणि हे तुम्हाला फोन करून कोणी सांगत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघत जा. बाबूंकडे प्रिंट आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स वेळेत द्या, जमा केल्याची सही आपल्या प्रतीवर घ्या. ते शेकडो फॉर्म बघतात. नमस्कार करून, फाइल नीट लावून गेलात की तुमचा फॉर्म त्यांच्या लक्षात राहतो. हे मी खुशामत म्हणून सांगत नाही. त्या टेबलावरचा माणूस दमलेला असतो आणि त्याचं काम सोपं करणाऱ्याचं काम लवकर होतं.

कोणाला काय मिळतं? अनुसूचित जाती आणि जमातीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असलेल्या एससी विद्यार्थ्यांनी फ्रीशिपची, म्हणजे फी माफीची, चौकशी करावी. एससीच्या योजनेत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो. केंद्राचा वाटा थेट तुमच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरी हे आधीच समजावून सांगा, कारण खात्यात एवढी रक्कम दिसली की शेतीची देणी आठवतात आणि पुढे कॉलेज मार्कशीट अडवून धरतं. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. मुलींनी हे नक्की लक्षात ठेवावं: सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण फी माफ आहे.

महाडीबीटीच्या बाहेरही बघा. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर यूजीसीची पीजीची स्कॉलरशिप आहे, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. निवड डिग्रीच्या गुणांवर होते आणि अर्ज पहिल्या वर्षालाच करता येतो. आपल्याकडची हुशार पोरं हा फॉर्म भरतच नाहीत, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. गेट पास होऊन एमटेकला आलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्याची प्रक्रिया संस्थेतूनच होते. एकाच कारणासाठी दोन स्कॉलरशिप मात्र घेता येत नाहीत, तेव्हा हिशोब करून निवडा.

राहण्या-जेवण्याचं वेगळं आहे. आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. नागपूरसारख्या शहरात स्वाधारचे वर्षाला ६०,००० रुपये धरलेले आहेत: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. त्यासाठी तुम्ही नागपूरचे रहिवासी असता कामा नये आणि ७५ टक्के हजेरी लागते. घरमालकाशी रूम ठरवतानाच भाडेकरार करून देणार का ते विचारा. हजार रुपये स्वस्त मिळते म्हणून करार न देणारी रूम घेतली की साठ हजारांचा फॉर्म अडतो.

हे पैसे पहिल्या महिन्यात येत नाहीत. वर्षाच्या शेवटालाही येतात, कधी त्याच्याही पुढे जातात. पहिल्या चार-पाच महिन्यांच्या रूमभाड्याची आणि खाणावळीची सोय घरून करूनच निघा. ज्याला ते जमत नाही त्याने लाजून गप्प राहू नये, विभागातल्या सरांना किंवा मॅडमला स्पष्ट सांगावं. अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये आपल्या भागातले सीनियर भरपूर आहेत, एखादी कॉट, अर्धा डबा कोणीतरी देतंच.

कॉलेजात काम अडलं तर पुढची जागा माहीत असू द्या. समाजकल्याणचं कार्यालय दीक्षाभूमीजवळ सामाजिक न्याय भवनात आहे, आदिवासी विकासचं गिरीपेठेत. जाताना अर्जाचा आयडी, प्रिंट आणि मूळ कागद न्या. तोंडी तक्रार करू नका, साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.

दुसऱ्या वर्षी नवा फॉर्म न भरता रिन्यूअल करायचं असतं. पहिल्या वर्षाची मार्कशीट आणि ॲडमिशनची पावती लागते. रूम बदलली तर नवा करार लावा. आणि उन्हाळ्यात गावी गेलात की उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख संपली का ते तिथे असतानाच बघून घ्या.