बाजारातल्या बाईचं चित्र काढताना

गोव्यातला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सकाळी आठच्या आत पोचा. ऊन डोक्यावर आलं की चेहऱ्यावरच्या सावल्या आटतात. पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहू द्या. कणगी नावाचे कंद घ्या, नारळ घ्या, गप्पा मारा. मग विचारा, "मावशी, तुमचं चित्र काढू?" नको म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर बसण्याचे पैसे आधी ठरवा, निदान तेवढ्या वेळात तिच्या बुडणाऱ्या धंद्याएवढे.

मग तिच्यासमोर जमिनीवर बसा. उभं राहून काढलं की तिचा भांग आणि टोपलीच दिसते. आपल्याकडे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी साल्यात (दिवाणखान्यात) पूर्वजांची तैलचित्रं लागतात. त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या बाईचं तिथे कोणी लावलेलं मी पाहिलं नाही. ती सापडते भेटवस्तूंच्या दुकानात, डोक्यावर घागर घेऊन. म्हणून तिने नायलॉनची साडी नेसली असेल तर तीच रंगवा, लाल चौकडीचं कुणबी कापड वरून चढवू नका.

खरी कसोटी त्वचेच्या रंगाची. माझं पहिलं चित्र पाहून त्या बाईच्या लेकीने विचारलं होतं, "ही कोण गो?" मी आईला दोन छटा उजळ केलं होतं, नकळत. घरी येऊन गाल सुरीने खरवडले. आता सावलीसाठी बर्न्ट अंबर या गडद तपकिरीमध्ये अल्ट्रामरीन निळा घालतो, काळा अजिबात नाही. उजेडाकडे बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). कपाळावरची चकाकी पांढऱ्याने काढली की पीठ लागल्यासारखी दिसते. वर निळी ताडपत्री असेल तर ती चकाकी निळसरच असते. डोळे बारीक करून पाहा, दिसेल. हात चेहऱ्याइतकाच वेळ घेऊन करा. सुरीने चिरलेली बोटं, नखांतली माती, कांकणाखालचा फिकट पट्टा.

सराव म्हणून पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं जवळून पाहा. सावल्यांपाशी थांबा, घाई करू नका.

पावसात तेलरंग सुकता सुकत नाही आणि कॅनव्हासला बुरशी धरते, म्हणून काम नोव्हेंबरात काढा. पूर्ण झालं की मागे तिचं नाव लिहा, ती सांगेल तसं, आणि प्रदर्शनाआधी चित्र तिच्या टोपलीपाशी नेऊन तिला दाखवा.