जुन्या गाडीच्या एसीत गॅस भरायचाय? आधी लीकेज शोधा, मग वजनकाटा घ्या

आमच्या जुन्या हॅचबॅकचं तीन वर्षं एकच नाटक चालू होतं. मार्चमध्ये एसी गार होईना म्हणून गॅरेजला न्यायची, तिथला माणूस बोनेट उघडून म्हणणार "साहेब गॅस संपलाय", अर्ध्या तासात भरून देणार, घरी येईपर्यंत एकदम काश्मीर आणि मे उजाडेपर्यंत परत गरम वारा. चौथ्या वर्षी डोकं फिरलं आणि स्वतःच शिकून घेतलं.

पहिली गोष्ट, गॅस म्हणजे पेट्रोल नाही संपायला. तोच तोच गॅस आत गोल फिरत असतो. रबरी होसमधून, कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणारा पंप) शाफ्ट सीलमधून थोडाफार झिरपतो हे खरंय, पण त्याला वर्षं लागतात, दोन महिन्यांत गेला तर कुठेतरी भोक आहे आणि ते न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात पाणी.

पण त्याच्याही आधी, गॅसच कमी आहे कशावरून? केबिन फिल्टर काढून बघा, माझ्यात पिंपळाची पानं निघाली होती. कंडेन्सर म्हणजे समोरची रेडिएटरपुढची जाळी चिखलाने भरलीय का, एसी लावल्यावर तिचा पंखा फिरतो का, कॉम्प्रेसरचा क्लच "टक" करून लागतो का हे बघा. यातलं काही बिघडलं असेल तर गॅस भरून घंटा काही होणार नाही.

मग गॅस कुठला ते. बोनेटखाली स्टिकर असतो त्यावर गॅसचं नाव आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए. नव्वदच्या दशकातली गाडी असेल तर आर-१२ निघू शकतो, त्याचं ऑइल वेगळं, सील वेगळे, त्यात १३४ए तसाच ढोसू नका. आणि "हा स्वस्तातला पण चालतो" म्हणून कोणी देत असेल तर लांब राहा, त्यात एलपीजीसारखा पेटणारा गॅस असू शकतो.

लीकेज शोधायची सोपी खूण म्हणजे तेल. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल पण बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. माझ्याकडे कंडेन्सरच्या पाइपच्या जॉइंटला बरोब्बर काळी चिकट रिंग होती, तीन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोर. खात्री करायला साबणाचं पाणी ब्रशने लावायचं, पण सिस्टिम रिकामी असेल तर बुडबुडे येणार कुठून, म्हणून ओळखीच्या फ्रिज-एसीवाल्याला बोलावलं, त्याने रेग्युलेटर लावून १२० पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) आसपास नायट्रोजन भरला आणि जॉइंटवर मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. जॉइंटमधली साधी ओ-रिंग (रबरी रिंग) गेलेली! पाण्याच्या नळाची रिंग इथे चालत नाही, एसीचीच घ्यायची आणि थोडं एसीचंच ऑइल लावून बसवायची. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन चुकूनही भरू नका, तेलाबरोबर स्फोट होतो. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर रिसीव्हर ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा) बदला, त्यातली दमट झालेली पावडर व्हॅक्यूमने धड सुकत नाही. आणि आत आधीचा गॅस असेल तर तो हवेत सोडू नका, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त पृथ्वी तापवतो तो. रिकव्हरी मशीनवाल्याकडून काढून घ्या.

आता व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली सगळी हवा ओढून काढायची. मॅनिफोल्ड गेजचा (दोन काट्यांचा प्रेशर मीटर) निळा पाइप लो साइडला म्हणजे कमी प्रेशरच्या बाजूला, लाल हाय साइडला म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूला, पिवळा पंपाला. निदान अर्धा तास चालू द्या, आतला दमटपणा त्याशिवाय उडत नाही. पुण्यात गेजचा काटा व्हॅक्यूमच्या २८ इंचाच्या (पाऱ्याचे इंच) आसपासच थांबतो, पंप खराब नाहीये, आपण उंचावर आहोत म्हणून, मुंबईत तोच जवळपास तिसापर्यंत जातो. मग आधी व्हॉल्व्ह बंद, नंतर पंप बंद, आणि वीस मिनिटं चहा प्या. काटा हलला तर परत लीकेज शोधा.

भरताना चष्मा आणि हातमोजे घालाच, हा गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, डोळ्यात उडाला तर विषय संपला. पिवळा पाइप पंपावरून काढून गॅसच्या कॅनला लावला की गेजकडचं टोक सेकंदभर सैल करून त्यातली हवा बाहेर काढा. सुरुवातीला इंजिन बंद असतानाच व्हॅक्यूम बराच गॅस ओढून घेतो. मग इंजिन चालू, एसी फुल, आणि फक्त निळा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडायचा. इंजिन चालू असताना लाल उघडलात तर हाय साइडचं प्रेशर कॅनमध्ये घुसून कॅन फुटू शकतो, हे दोनदा वाचा. कॅन उभाच धरा, उलटा केला की लिक्विड जाऊन कॉम्प्रेसर मरतो.

किती भरायचा? इथेच बहुतेक जण चुकतात. इंजिन बंद असताना गेजवरचं प्रेशर बघून गॅस किती आहे ते कळतच नाही, आत थोडं जरी लिक्विड असलं तरी ३५ डिग्रीला काटा ११५ पीएसआयच्या आसपासच दाखवतो, सिस्टिम अर्धी असो की पूर्ण. म्हणून वजन. माझ्या स्टिकरवर ४०० ग्रॅम होतं. कॅन गार पडून बर्फ धरतो आणि गॅस यायचा मंदावतो, म्हणून तो कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि भांड्यासकट बायकोच्या किचनमधल्या वजनकाट्यावर (परवानगी नंतर घेतली). पाइप ओढला गेला की काटा ५० ग्रॅम इकडेतिकडे उड्या मारतो, तेव्हा पाइप दोरीने वर बांधून ठेवा. ४०० झाले की थांबायचं, "अजून थोडा टाकू" नाही, जास्त गॅसनेही कूलिंग कमीच होतं.

नंतर गेज फक्त ताळा करायला. ३५ डिग्रीच्या दुपारी, १५०० आरपीएमला माझं लो ४० आणि हाय २२० पीएसआय आलं. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाहीये, लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलाय, त्यात गॅसचा दोष नाही.

शेवटी दोन्ही पोर्टच्या (जिथे निळा-लाल पाइप लावले ती तोंडं) प्लॅस्टिक टोप्या घट्ट लावा, आतला व्हॉल्व्ह किंचित लीक असेल तर तीच टोपी गॅस धरून ठेवते. आणि मास्किंग टेपवर तारीख आणि ग्रॅम लिहून बोनेटला आतून चिकटवा. माझ्या टेपवरच्या तारखेला दोन उन्हाळे झाले, गाडी उभी केली की खाली अजून एसीच्या पाण्याचं डबकं होतंय.